शिशुपोषण व शिशुसंगोपन : कर्जत–खालापूर परिसर

जन्मापासून दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत बालकाला दिले जाणारे अन्न, ते देण्याची रीत आणि त्याभोवती उभी राहिलेली घरातील दैनंदिन व्यवस्था यांचा समावेश शिशुपोषण व शिशुसंगोपन या संज्ञांत होतो. शरीराची वाढ या काळात जितक्या वेगाने होते तितकी पुढे कधीच होत नाही. सर्वसाधारण बालकाचे जन्मवजन पाचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट व वर्षाअखेर तिप्पट होते, जन्मतः सु. ५० सेंमी. असलेली लांबी वर्षभरात सु. ७५ सेंमी. होते. या काळात राहिलेली उंचीची तूट पुढे सहसा पूर्ण भरून निघत नाही. म्हणूनच या विषयाचा विचार केवळ आहारशास्त्राच्या कोष्टकांवरून करता येत नाही. आईचे काम, पाऊस, पीक, मजुरी आणि घरातील थोरल्या मुलीची शाळा या सर्वांशी तो बांधलेला असतो. रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील कर्जत व खालापूर हे तालुके त्या दृष्टीने उद्‌बोधक ठरतात.

प्रदेश व लोक : हे दोन्ही तालुके समुद्रापासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. कर्जतमधून उल्हास व तिला मिळणारी पेज, तर खालापूरमधून पाताळगंगा वाहते. वार्षिक पर्जन्यमान ३,००० मिमी.हून अधिक असले, तरी जवळजवळ सर्व पाऊस चार महिन्यांत पडतो. मुख्य पीक भात. ते निघाल्यावर जमिनीतील ओलीवर वाल पेरतात. भिवपुरी येथील जलविद्युत्‌केंद्रातून सुटणारे पाणी राजनाला कालव्याने ज्या गावांपर्यंत पोहोचते, तेथे उन्हाळी भातही होतो. कर्जतच्या कृषि संशोधन केंद्राने विकसित केलेल्या भाताच्या जाती कोकणात सर्वत्र परिचित आहेत. उतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरी ही पिके घेतली जातात. १८५६ मध्ये लोहमार्ग खोपोलीपर्यंत आला आणि तेव्हापासून हा भाग मुंबईशी जोडला गेला. मराठा, कुणबी, आगरी व इतर गावकरी समाज सपाटीवर आणि ठाकर, कातकरी हे आदिवासी समाज डोंगरउतारावरील वाड्यांत राहतात [⟶ कातकरी, ठाकर]. ठाकरांकडे बहुधा थोडीफार शेती असते. कातकऱ्यांपैकी बहुसंख्य भूमिहीन असून शासनाने त्यांची गणना विशेष असुरक्षित आदिवासी गटांत केलेली आहे. एकाच रेल्वेस्थानकाच्या परिसरात बाळाच्या वाढीची किती भिन्न चित्रे दिसतात, याचे मूळ या रचनेत आहे.

जन्मानंतरचे दिवस : बाळंतिणीची खोली, शेक-शेगडी, ओवा-वावडिंगाची धुरी, बाळाला तेल चोळून ऊन पाण्याने न्हाऊ घालणे, पाचव्या दिवशी सटवीचे पूजन आणि बाराव्या दिवशी बारसे हा क्रम थोड्याफार फरकाने सर्व समाजांत आढळतो. यातील बराच भाग हितकारक आहे. तेलाच्या मालिशीने व उबेने कमी वजनाच्या बाळाची उष्णता टिकते. बाळंतिणीला काही आठवडे कष्टाच्या कामांपासून दूर ठेवण्याच्या प्रथेचे मोल तर ती प्रथा मोडलेल्या घरांतच अधिक कळते. धुरी मात्र बंद खोलीत केल्यास नवजात फुप्फुसांना अपायकारक ठरते आणि डोळ्यांत घातलेल्या काजळाने संसर्गाचा, तसेच बाजारी काजळ असल्यास शिशाचाही धोका संभवतो.

सहाणेवर उगाळून द्यावयाच्या गुटीत वेखंड, हळकुंड, सुंठ, जायफळ, बाळहिरडा, मुरडशेंग, अतिविष, खारीक, बदाम इ. जिन्नस असतात. प्रत्येकाचे वेढे किती घ्यावेत याचे आजीचे गणित ठरलेले असते. गुटीतील एखादे द्रव्य उपयुक्त असो वा नसो, पहिल्या सहा महिन्यांत खरा प्रश्न सहाण, पाणी व बोट यांच्या स्वच्छतेचा आहे. त्यामुळे वैद्यकीय सल्ला गुटी टाळण्याचाच दिला जातो. मध चाटवण्याची रीतही एक वर्षापर्यंत वर्ज्य मानावी लागते, कारण मधातील विशिष्ट जीवाणूंच्या बीजाणूंमुळे लहान अर्भकाला स्नायू लुळे पाडणारी घातक विषबाधा होऊ शकते.

स्तनपान : प्रसूतीनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतील पिवळसर, दाट दूध ‘जड’ किंवा ‘साकळलेले’ म्हणून पिळून टाकण्याची चाल पूर्वी सर्वत्र होती. वस्तुतः त्यात रोगप्रतिकारक प्रथिने व अ जीवनसत्त्व विपुल असते आणि प्रमाण अल्प असले तरी नवजाताच्या तितक्याच लहान जठराला ते पुरते. रुग्णालयातील प्रसूतींचे प्रमाण वाढल्यावर ही चाल बरीच मागे पडली. जन्मानंतर तासाभरात बाळाला अंगावर घ्यावे आणि सहा महिने पूर्ण होईपर्यंत पाणीसुद्धा न देता केवळ आईचे दूध द्यावे, हा आता सर्वमान्य नियम आहे. जुन्या ग्रंथांत चौथ्या महिन्यापासून वरचे अन्न सुरू करण्याचा सल्ला आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये ही मर्यादा सहा महिन्यांवर नेली.

आईच्या दुधात दर १०० मिलि. मागे सु. ६५ ते ७० किलोकॅलरी ऊर्जा असते. दिवसाला सु. पाऊण लिटर दूध निर्माण करण्यासाठी आईला नेहमीच्या आहारापेक्षा ५०० ते ६०० किलोकॅलरी अधिक लागतात. अळिवाचे व डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, खोबरे, तूप ही बाळंतिणीची पारंपरिक अन्ने ही गरज भागविण्यास उत्तम होत. परंतु ती पैशाने येतात. दुसरीकडे, बाळाला बाधेल म्हणून डाळ, भाजी, फळे, मासे बंद करून बाळंतिणीला केवळ भात व काळ्या मिरीचे पाणी यांवर ठेवण्याची पद्धतही काही घरांत असते. तीत बाळाचा लाभ काही नसतो व आईचा रक्तक्षय वाढतो.

नोकरदार आईची अडचण निराळी आहे. कर्जत वा नेरळहून मुंबईस उपनगरी गाडीने जाणाऱ्या स्त्रीचे जाण्यायेण्यात चार तासांच्या जवळपास जातात. प्रसूतिलाभ अधिनियमातील २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची सवेतन रजा मिळू लागल्याने संघटित क्षेत्रात केवळ स्तनपानाचा काळ पार पाडणे शक्य झाले. त्यानंतर पिळून ठेवलेले दूध उपयोगी पडते. ते स्वच्छ झाकणाच्या भांड्यात सामान्य तापमानाला सु. चार तास व शीतकपाटात चार दिवसांपर्यंत टिकते. ते वाटी-चमच्याने पाजावे. बाटलीची बुचे नीट उकळली जात नाहीत आणि अतिसाराचे ते एक प्रमुख कारण ठरते. शिशुदुग्धपर्याय व दूधबाटल्या यांच्या जाहिरातींवर भारतात १९९२ च्या कायद्याने निर्बंध घालण्यात आले व २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. मात्र खोपोलीतील गृहसंकुलात रजेवर असलेल्या स्त्रीला उपलब्ध असलेले हे सव्वीस आठवडे, शेजारच्याच डोंगरावरील वाडीतून रोजाने कामास जाणाऱ्या स्त्रीला मिळत नाहीत. तिची रजा बहुधा सव्वा महिन्याचीच असते.

उष्टावण व पूरक आहार : सहाव्या महिन्याच्या सुमारास उष्टावण (अन्नप्राशन) करण्याची प्रथा आणि आधुनिक आहारशास्त्राचा निष्कर्ष यांत सुदैवाने एकवाक्यता आहे. या वयात बाळ मान सावरते, आधाराने बसते व दुसऱ्याच्या हातातील घासाकडे झेपावते. जन्मतः यकृतात साठलेले लोहही संपत आलेले असते. आईच्या दुधाखेरीज सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला रोज सु. २००, नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला सु. ३०० आणि दुसऱ्या वर्षी सु. ५५० किलोकॅलरी अन्नातून मिळाव्या लागतात. उष्टावणाचा समारंभ होतो, परंतु दुसऱ्या दिवसापासून रोज काय शिजवायचे, हे पुष्कळ घरांत ठरलेले नसते. अडचण येथून सुरू होते.

भात पिकविणाऱ्या या प्रदेशात बाळाचे पहिले अन्न पेज हेच असते. (तालुक्यातून वाहणाऱ्या नदीचेही नाव पेज असावे, हा केवळ योगायोग समजावा.) मूठभर, म्हणजे सु. ३० ग्रॅ. तांदूळ लिटरभर पाण्यात शिजविल्यास त्या संपूर्ण पेजेत सु. १०५ किलोकॅलरी असतात. दीडशे मिलि.च्या वाटीत त्यांपैकी सु. १६ येतात, आणि दाणे टाळून वरचे निवळ पाणी पाजल्यास त्याहूनही कमी. सात-आठ किग्रॅ. वजनाच्या बाळाच्या जठरात एका वेळी दोनशे-सव्वादोनशे मिलि.पेक्षा अधिक मावत नाही. म्हणजे बाळ वाटीभर पेज पिऊन तृप्त होते, रडणे थांबवते व झोपी जाते. आजीच्या दृष्टीने ते पोटभर जेवलेले असते. प्रत्यक्षात दिवसाची गरज भागवायला तशा बारा वाट्या लागल्या असत्या. पेज पचायला हलकी असते हे खरे, परंतु तिच्या हलकेपणाचे कारणच तिच्यात अन्न अल्प असते हे होय. त्याच ३० ग्रॅ. तांदळात १० ग्रॅ. मुगाची डाळ घालून मऊ भात शिजविला आणि त्यात लहान चमचाभर तेल वा तूप मिसळले, तर सु. १८५ किलोकॅलरी मिळतात व त्या दोन लहान वाट्यांत मावतात. घरात तांदूळ व डाळ असूनही मूल कुपोषित राहते, त्यामागे पुष्कळदा पाण्याचे हे प्रमाण असते. हे कुणाला दोष देऊन सांगण्याजोगे नाही; आजारी माणसाला जे हितकर, तेच तान्ह्या बाळाला हितकर, या समजुतीतून ते आलेले आहे.

दाटपणाच्या या प्रश्नावर जुन्या स्वयंपाकघरातच एक उत्तर आहे. नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणतात. मग ती सावलीत सुकवून, मंद भाजून दळतात व वस्त्रगाळ करतात. यालाच नाचणीचे सत्त्व म्हणतात. मोड येताना धान्यात तयार होणारे अमायलेज हे एंझाइम पिष्टाचे तुकडे करते. त्यामुळे हे सत्त्व घालून शिजविलेली खीर दाट असूनही गुळगुळीत व पातळसर राहते आणि तेवढ्याच वाटीत अधिक पीठ सामावते. बडोदे येथील आहारशास्त्रज्ञ तारा गोपालदास यांनी १९८० च्या दशकात या तत्त्वावर संशोधन केले. मोड आलेल्या धान्याचे चिमूटभर पीठही दाट लापशी सैल करते, असे त्यातून दिसून आले. नाचणीत दर १०० ग्रॅ. मागे सु. ३४० ते ३६० मिग्रॅ. कॅल्शियम असते, कोणत्याही प्रमुख तृणधान्यात ते इतके नाही. तथापि रेशनचा तांदूळ सर्वत्र मिळू लागल्यापासून आणि वरकस जमिनी विकल्या गेल्यापासून वाड्यांमधील नाचणीची लागवड मागे पडत गेली. ज्या उतारावर नाचणी होत असे, त्यावर आता पुष्कळ ठिकाणी शहरवासीयांची शेतघरे उभी आहेत.

इतर स्थानिक अन्नेही बाळाला देता येण्यासारखी आहेत. वाल मोड आणून, सोलून, नीट शिजवून कुस्करतात. सुकट भाजून केलेली पूड चिमूटभर भातात मिसळल्यास प्रथिने, कॅल्शियम व लोह मिळते. फक्त ती कमी खारट हवी. शेतातील खेकडे, ओढ्यातील मासे, अंडी, मऊ शिजविलेला लाल भोपळा, पिकलेले केळे, उन्हाळ्यात आंबा ही सर्व अन्ने नवव्या महिन्यापर्यंत बाळाच्या ओळखीची व्हावीत. पावसाळ्याच्या आरंभी ठाकर स्त्रिया नेरळ, कर्जत, माथेरान येथील बाजारात टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोली अशा रानभाज्या विकायला नेतात. त्यांतील कोवळ्या पाल्याची चमचाभर शिजवलेली भाजी घरातील मुलाच्या वाटीत पडतेच असे नाही, कारण विकलेल्या जुडीचे पैसे येतात. शेवळ्यासारख्या घशाला खाजणाऱ्या भाज्या मात्र बाळाला देऊ नयेत. वर्षाच्या सुमारास मूल घरच्या सर्व जेवणात भाग घेऊ लागते. त्याला वेगळी वाटी द्यावी. एकाच ताटात मोठ्या भावंडांबरोबर जेवताना लहानग्याने किती खाल्ले हे कळत नाही.

कामाचे वर्ष आणि बाळाचे वर्ष : या परिसरातील शिशुपोषणाचा सर्वांत कठीण भाग स्वयंपाकघरात नसून पंचांगात आहे. माघात जन्मलेले बाळ सहा महिन्यांचे होते ते आषाढ-श्रावणात. त्या वेळी भाताची लावणी चालू असते, आई पहाटे जाऊन तिन्हीसांजेला परतते, मागील वर्षाचे धान्य संपत आलेले असते, पाणी गढूळ असते व अतिसाराची साथ याच दिवसांत येते. आषाढ-श्रावणात जन्मलेले बाळ सहा महिन्यांचे होते ते पौष-माघात. तेव्हा भूमिहीन कुटुंब वीटभट्टीवर असते. कार्तिकात, नवे भात घरात आलेले असताना ज्या बाळाचे उष्टावण होते ते त्यातल्या त्यात भाग्यवान. तेही आईबापांची भट्टीवर जाण्याची पाळी नसेल तर.

दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या भट्ट्यांवर जातात आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी परततात. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडण्यासाठी पतिपत्नी दोघांनाही, बहुधा जोडीनेच, काम करावे लागते. विटा थापण्याचे काम पहाटेपूर्वीच सुरू होते. बाळ कुडाच्या खोपटात अगर मांडवाच्या वाशाला बांधलेल्या झोळीत असते व त्याला झोका देणारी बहीण सात-आठ वर्षांची असते. वरचे अन्न भरविण्यासाठी लागणारा वेळ, म्हणजे दर खेपेस वीस-पंचवीस मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा, हा येथे तांदळापेक्षाही दुर्मिळ असतो. थोरली बहीण भरविते, पण तिच्या हाती पुष्कळदा बिस्किटाचा पुडा दिलेला असतो. आठवड्याच्या खर्चीत डाळ-तेल बसेलच असे नसते. अशा मुलीची शाळा बुडते ती बाळासाठी, आणि काही वर्षांनी तीच आई होते. १९४८ च्या कारखाना अधिनियमात ठरावीक संख्येहून अधिक स्त्री-कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सक्ती होती, परंतु विखुरलेल्या हंगामी भट्ट्यांपर्यंत तिचा उपयोग क्वचितच पोहोचला.

सार्वजनिक व्यवस्था : पूर्वप्राथमिक वयाच्या आदिवासी मुलांपर्यंत शिक्षण व संगोपन नेण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डी येथे केला, पुढे अनुताई वाघ यांच्यासह हे काम कोसबाड येथे विस्तारले. मुले शाळेत येत नसतील तर शाळेने त्यांच्या अंगणात जावे, या कल्पनेतून ‘अंगणवाडी’ हा शब्द रूढ झाला आणि एकात्मिक बालविकास सेवा योजनेने (२ ऑक्टोबर १९७५) तो देशभर नेला. योजनेनुसार सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या बालकाला घरी नेण्याचा आहार दिला जातो. त्यातून दिवसाला ५०० किलोकॅलरी व १२ ते १५ ग्रॅ. प्रथिने, तर तीव्र कुपोषित बालकाला ८०० किलोकॅलरी मिळाव्यात, असे प्रमाण २००९ मध्ये ठरविण्यात आले. हा आहार पिशवीतून घरी जात असल्याने तो सर्व भावंडांत वाटला जातो. मुलांच्या दृष्टीने ते स्वाभाविक आहे. हिशेबवहीच्या दृष्टीने मात्र तो एकाच बाळाने खाल्लेला असतो.

महाराष्ट्र शासनाने २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन केले. गावातच तीव्र कुपोषित मुलांना दिवसातून अनेकदा थोडेथोडे खाऊ घालणारी ग्राम बालविकास केंद्रेही त्यानंतरच्या वर्षांत सुरू झाली. कर्जत तालुक्यातील कशेळे येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासी वाड्यांत धान्य बँका उभारल्या. पावसाळ्यात सावकाराकडून दामदुपटीने धान्य न घेता गावाच्याच साठ्यातून उसने घ्यावे व सुगीत परत करावे, ही त्यामागील कल्पना. हा उपक्रम थेट बालकांसाठी नसला, तरी आषाढातील बाळाच्या वाटीशी त्याचा संबंध उघड आहे.

वाढीची नोंद वजन, उंची व दंडघेर यांवरून ठेवली जाते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाचा दंडघेर ११.५ सेंमी.पेक्षा कमी असल्यास ते तीव्र कुपोषित व ११.५ ते १२.५ सेंमी.च्या दरम्यान असल्यास मध्यम कुपोषित समजतात. रंगीत पट्टीने कुणालाही घेता येणारे हे माप डोंगरावरील वाडीत वजनकाट्यापेक्षा अधिक उपयोगी पडते. एका मोजमापापेक्षा मागील महिन्याशी केलेली तुलना महत्त्वाची असते. दोन महिने न वाढलेले वजन ही धोक्याची सूचना होय, मग बाळ दिसायला कितीही हसरे असो. अतिसार झाल्यास जलसंजीवनी, १४ दिवस जस्ताची गोळी (सहा महिन्यांपुढे रोज २० मिग्रॅ.) आणि स्तनपान व जेवण चालूच ठेवणे हा उपचार आहे. पोटाला विश्रांती म्हणून बाळाला उपाशी ठेवण्याची चाल घातक आहे. नवव्या महिन्यात गोवर-रुबेला लशीबरोबर अ जीवनसत्त्वाची पहिली मात्रा देतात. आशा कार्यकर्तीने बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या व पंधराव्या महिन्यात घरी भेट द्यावी, अशी व्यवस्था २०१८ पासून आहे.

या भेटी घरापर्यंत होतात. घर मात्र सहा महिने अन्यत्र असते. मूळ गावच्या अंगणवाडीच्या नोंदीत ते बालक ‘स्थलांतरित’ असते आणि भट्टीजवळच्या अंगणवाडीच्या यादीत त्याचे नाव नसते. अंगणवाडीतील आहारावर कोणत्याही बालकाचा हक्क आहे, तो रहिवासाच्या दाखल्यावर अवलंबून नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने योजना सार्वत्रिक झाली व २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियमाने तिला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘पोषण ट्रॅकर’ या संगणकीय नोंदपद्धतीमुळे बालकाचे नाव एका केंद्रातून दुसऱ्या केंद्राकडे पाठविणे शक्य झाले आहे. तथापि भट्टी गावापासून दोन-तीन किमी. दूर माळावर असते, आईला कामाच्या वेळेत तेथवर जाता येत नाही आणि आपण येथे पाहुणे आहोत ही भावनाही आड येते. ज्या ठिकाणी भट्टीजवळच्या गावातील सेविका आठवड्यातून एकदा आहार, काटा व पट्टी घेऊन स्वतः भट्टीवर जाते, तेथे ही उणीव बरीच भरून निघते. इतर ठिकाणी बाळाचे कार्तिकातील वजन वहीत असते व त्यापुढील नोंद ज्येष्ठात, कुटुंब वाडीवर परतल्यानंतर होते.